ट्रे जास्त म्हणजे पैसे जास्त?

किवी फळांच्या शेतीबद्दल कुणीतरी म्हटलंय, 'ट्रे (फळं भरायचे खोके) भरपूर निघाले की किवीवाल्याचं फावलं.' न्यूझीलंडमध्ये तरी हे गणित इतकं सरळ नाही.

तिथल्या 'ते पुके' गावच्या एका पॅकहाऊसात, म्हणजे फळं पॅक करायच्या कारखान्यात, मी दोन हंगाम काढले. काढणी साधारण मार्च ते जून, पण चाचणी पास झाल्याशिवाय बागेत तोडणीची टोळी शिरतच नाही. नमुन्याची फळं प्रयोगशाळेत जातात. फळाच्या मधोमध आडवी, पातळ चकती कापायची, वजन करायचं, वाळवायची, पुन्हा वजन. उरलेला भाग म्हणजे 'ड्राय मॅटर', आणि सगळं घोडं तिथेच अडतं. किवी कडक असतानाच तोडतात, तेव्हा त्यात स्टार्च बराच असतो. पिकताना त्याची साखर होते. म्हणजे ती चकती आजच सांगते की गिऱ्हाइकाच्या ताटात फळ गोड लागेल की पाणचट.

झेस्प्री, म्हणजे न्यूझीलंडची किवी परदेशी विकणारी कंपनी, चवीचे वेगळे पैसे देते. किमान पातळीच्या खाली गेलात तर माल निर्यातीतून बाद. उलट लवकर तोडणाऱ्यालाही वाढीव दर असतो, कारण बाजारात पहिला माल हवाच असतो. मग थांबायचं की तोडायचं? थांबलं तर चव वाढेल, पण पाऊस आला की तोडणी ठप्प, आणि हिमाची धास्ती वेगळीच.

वेलीवर फळांची गर्दी ठेवली की ड्राय मॅटर घसरतो, म्हणून विरळणी करतात, खोडाची साल गोल काढतात. नाशिकच्या द्राक्षवाल्यांना हे गर्डलिंग नवीन नाही.