मदत हवी आहे : शाळेतल्या भुताचा, पण खरोखर हसवणारा भयपट

काल रात्री एक जपानी विनोदी भयपट पाहिला आणि साफ निराशा झाली. शाळेच्या तिसऱ्या मजल्यावर, मुलींच्या स्वच्छतागृहातील तिसऱ्या दारावर तीनदा टकटक केल्यास ओ देणारी हानाको-सान ही तिकडची प्रसिद्ध दंतकथा हाताशी असताना, सूड उगवायला आलेल्या मुलीला दिग्दर्शकाने ओल्या फरशीवर शिक्षकांना घसरवण्यापुरतेच वापरले आहे; तिच्यावर कोणता अन्याय झाला हेच शेवटपर्यंत कळत नसल्यामुळे ना भीती वाटते, ना हसू येते. (दार आपोआप किलकिले होते, तेवढा प्रसंग मात्र झकास!) १९९८ चा कोरियन ‘व्हिस्परिंग कॉरिडॉर्स’ माझा पाहून झाला आहे, परंतु तो गंभीर प्रकृतीचा आहे. जपानी, कोरियन किंवा थाई भाषेतील, भुताचे दुःख न विसरता हसवणारा एखादा चित्रपट जाणकारांनी कृपया सुचवावा.