विषय: तीन जातींचे डार्ट बेडूक एकाच पेटीत ठेवावेत का?

प्रेषक: भाऊ, मुक्काम आर्वी तालुका
सर्वांस नमस्कार. गणपतीच्या प्रदर्शनातील काचपेटी आपणांस आठवत असेलच. गावी परतल्यावर तशीच तीन फुटी पेटी मी माजघरात उभारली असून शेवाळ व नेचे चांगले रुजले आहेत. निळा टिंक्टोरियस, पिवळ्या पट्ट्यांचा ल्युकोमेलस आणि हिरवा-काळा ऑरेटस या डार्ट बेडकांच्या (मध्य व दक्षिण अमेरिकेतील छोटे, रंगीत बेडूक) जोड्या एकत्र ठेवाव्यात अशी नातीची इच्छा आहे. या महिन्यात मागणी नोंदवायची असल्याने कृपया त्वरित कळवावे.

प्रेषक: काकू
भाऊ, त्या पेटीची निगा मीच राखत होते, म्हणून स्पष्ट लिहिते: तीन जाती एकत्र ठेवू नका. तिन्ही एकाच वंशातील असल्यामुळे त्यांचा संकर होतो आणि अशी पिल्ले जाणकार पाळणारे घेत नाहीत. टिंक्टोरियस तर स्वजातीतही भांडतो. मी एका नरासोबत दोन माद्या ठेवल्या होत्या. थोराड मादी दुसरीला दाबून धरत असे, अंगावर एकही जखम दिसली नाही, पण खाणे सुटून ती तीन महिन्यांत गेली. मी तिला वेळीच वेगळे करायला हवे होते. चार-पाच ल्युकोमेलस मात्र एकत्र नांदतात. त्यांच्या नराची शीळ पाखरासारखी असते. नातीला ती आवडेल.

प्रेषक: हिंगणघाटचे मामा
काकूंच्या ल्युकोमेलसबद्दल. तो व्हेनेझुएलाकडचा, कोरड्या ऋतूत दगड-ओंडक्यांखाली दडून राहणारा असला, तरी आपला वैशाख त्याला सोसणार नाही. या बेडकांना २२ ते २६ अंश मानवतात, तीसच्या वर फार काळ राहिल्यास ते दगावतात आणि वर्ध्याचा पारा मे महिन्यात ४५ गाठतो. कूलरवर विसंबू नका. एसी व इन्व्हर्टर यांची सोय होईपर्यंत पेटी रिकामीच ठेवून आतील तापमान रोज दुपारी लिहून काढावे.

प्रेषक: चिटणीस
मामांच्या मुद्द्यास जोड. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यास केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी बंधनकारक आहे आणि हे बेडूक त्या यादीत आहेत. विक्रेत्याकडून कागदपत्रे आधी मागावीत. दुसरे म्हणजे, उभयचरांना मारणाऱ्या काइट्रिड बुरशीचे १९९९ मधील पहिले शास्त्रीय वर्णन वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात मेलेल्या निळ्या डार्ट बेडकापासून मिळालेल्या नमुन्यावरून झाले. म्हणून पेटीतले पाणी परसात, विहिरीजवळ किंवा वावरात कदापि ओतू नये. आपल्या नाल्यातील बेडकांचाही विचार व्हावा.

प्रेषक: भाऊ
मागणी थांबवली आहे. नातीस समजावले, ती एकाच जातीस, ल्युकोमेलसला, तयार झाली. मृग लागेपर्यंत तापमानाची वही ती स्वतः लिहिणार आहे. काकू, खाद्यासाठी फळमाश्यांची बरणी आतापासून लावावी का, की आमच्या उन्हाळ्यात त्याही टिकणार नाहीत?