लढाऊ जेटच्या प्रत्येक पॅनलची कड काळी कशासाठी?

मूळ धागा सुरू करणारे (टोपणनाव) : करडा रंग

गेल्या महिन्यात प्लास्टिक मॉडेलांच्या एका प्रदर्शनात १/४८ ची (खऱ्याच्या ४८ पट लहान) सहा एफ-१४ टॉमकॅट विमानं ओळीने मांडलेली बघितली. सगळ्यांची जोडणी सुरेख. हवा आत घेणाऱ्या इनटेकच्या आतला सांधा भल्याभल्यांना घाम फोडतो, तोसुद्धा कुठे दिसत नव्हता. पण रंगकाम बघून वाईट वाटलं. सहाच्या सहा विमानांत प्रत्येक पॅनलची, म्हणजे पत्र्याच्या तुकड्याची, कड काळी आणि मधला भाग फिका. नाक, पंख, शेपटी, इंधनाची टाकी, सगळीकडे तेच. याला मी तरी वेदरिंग (वापराने मळल्या-झिजल्याचा परिणाम) म्हणणार नाही.

साधा हिशोब करा. पॅनल लाइनमध्ये (दोन पॅनलमधल्या रेषेत) सोडलेला वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला गडद रंग, सुकल्यावर ०.२ मिलिमीटर रुंद दिसतो असं धरू. ४८ ने गुणा. खऱ्या विमानावर ती जवळजवळ एक सेंटिमीटर रुंदीची काळी भेग झाली. असं विमान कोणी उडवू देईल का?

टॉमकॅट स्वच्छ असायचं असं मी म्हणत नाही. १९८० च्या दशकात अमेरिकन नौदलाने चकचकीत करडा आणि पांढरा सोडून मॅट करड्या छटा घेतल्या. मॅट रंग तळहाताचं तेल, ग्रीस, बुटांचे ठसे सगळं धरून ठेवतो. शिवाय विमानवाहू जहाजावर खारा वारा. गंज दिसला की तेवढीच जागा घासायची, प्राइमर लावायचा आणि वर हाताशी असलेला करडा मारायचा. तो आजूबाजूच्या रंगाशी कधीच तंतोतंत जुळत नाही. त्यामुळे ही विमानं ठिगळं लावलेल्या गोधडीसारखी दिसतात. ही ठिगळं पॅनलची कड बघून थांबत नाहीत, दोन-तीन पॅनल सहज ओलांडून जातात. पंख मागे-पुढे सरकतात तिथे घासून कमानीसारखा पट्टा उमटतो, तो वेगळाच. या सहा मॉडेलांत ठिगळ एकावरही नव्हतं आणि कमान फक्त एकावर होती.

माझी विनंती एवढीच. एक विमान निवडा, त्याचा क्रमांक आणि शक्यतो फोटोचं वर्ष ठरवा, आणि त्या दिवशी ते जेवढं मळलं होतं तेवढंच मळवा.

काजळी

पूर्ण असहमत. तुम्ही रेष मोजली, पण उजेड मोजला नाहीत.

टॉमकॅट १९ मीटर लांब. १/४८ मध्ये ते ४० सेंटिमीटरचं होतं, पण ऊन काही ४८ पट लहान होत नाही. खऱ्या विमानाच्या पत्र्याला हलके उंचसखल भाग असतात, त्यावर आभाळाचा उजेड पडतो, पंखाची सावली पोटावर पडते, आणि करड्या रंगात दहा करडे दिसतात. तेच मॉडेल एका रंगात रंगवून ट्यूबलाइटखाली ठेवा, साबणाची वडी दिसेल. रंगभूमीवरचा नट चेहऱ्यावर जास्तीचा रंग लावतो तो शेवटच्या रांगेसाठी. आम्ही प्री-शेडिंग करतो (मुख्य रंगाआधी पॅनलच्या कडा गडद रंगवतो) ते त्याच कारणाने: हरवलेला उजेड ब्रशने परत आणायचा.

आणि हिशोबच करायचा तर पुरता करा. मॉडेल आपण ४० सेंटिमीटरवरून बघतो, म्हणजे खरं विमान १९ मीटरवरून. तेवढ्या अंतरावरून विमानाचे दरवाजे आणि झाकणं वेगळी कळतात की नाही? कळतात. मग ती कळावीत म्हणून मी रेष गडद केली तर बिघडलं कुठे?

जुना ब्रश

मी पॅनल लाइन उठावदार असायच्या त्या काळापासून किट जोडतोय. सांधा घासला की त्या रेषाही जायच्या, म्हणून ड्रायब्रश करून, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर रंग घासून, उरलेल्या दाखवायचो. आता रेषा खोदलेल्या आल्या, वॉश आपोआप त्यात उतरतो, आणि हाताला तेच वळण लागलं. करडा रंग यांचं म्हणणं मला पटतं. वॉश वापरायचाच तर काळा नको. मुळातल्या करड्याच्या दोन छटा गडद करडा घ्या, आणि फक्त हलणाऱ्या भागांच्या फटीत सोडा: फ्लॅप, रडर, एअरब्रेक. तिथे खरोखर फट असते. बाकीच्या पॅनलना नुसता स्पर्श पुरे.

चिपिंगबद्दलही (रंगाचे टवके उडालेले दाखवण्याबद्दल) बोला कोणीतरी. आजच्या जेटवर चंदेरी ओरखडे मारलेले बघितले की जीव कळवळतो. हल्लीच्या विमानांना इपॉक्सी प्राइमरवर पॉलियुरेथेनचा थर असतो, तो असा खवले निघाल्यासारखा उडत नाही. उडाला तरी खाली आधी प्राइमर दिसतो. काही भाग तर कंपोझिटचे (धातूचे नव्हे, फायबर-रेझिनचे) असतात, तिथे खाली चांदी येणार कुठून?

अर्धवट किट

मी नवीन आहे, हे माझं तिसरंच जेट. पण या धाग्यात मला बोलायलाच हवं.

टोर्नाडो जीआर १ हे ब्रिटिश लढाऊ विमान करतेय, १९९१ च्या आखाती युद्धातलं, वाळवंटी गुलाबी रंगाचं. उभ्या शेपटीच्या बुडाशी काळी काजळी मारली. ज्याने ज्याने बघितलं त्याने सांगितलं, "अगं, फारच झालं, पुसून टाक." मी पुसलीही. नंतर फोटो काढून बघितले तर खऱ्या विमानाची शेपटी मी रंगवली होती त्याहून काळी! टोर्नाडोला थ्रस्ट रिव्हर्सर असतात. उतरल्यावर नोझलमागे झडपा मिटतात, गरम वायू पुढे उलटतो आणि शेपटीवर काजळीचा थर चढतो. म्हणजे "संयम ठेवा" हा सल्लासुद्धा "सगळीकडे काळं करा" एवढाच आंधळा असू शकतो.

करडा रंग

अर्धवट किट, तुम्ही माझ्याच बाजूने बोललात! शेपटी काळी केलीत ती कारण होतं म्हणून. पुसायला सांगणारे चुकले. परत मारा.

काजळी, १९ मीटरचा मुद्दा मान्य. दरवाजे कळायला हवेत. पण सगळे दरवाजे सारखे कळत नाहीत. चाकाच्या दाराची फट रुंद असते, आणि वर्षातून एकदा उघडणाऱ्या झाकणाची जेमतेम दिसते. सगळ्यांना एकच काळा दिलात तर हा फरक जातो, आणि मॉडेलमधला जिवंतपणा त्या फरकातच आहे असं मला मनापासून वाटतं.

काजळी

फोटोचा आग्रह मला टोचतो, आणि त्याचं कारण सांगते. फोटो मिळतात ते गाजलेल्या विमानांचे. ज्याला आवडता क्रमांक हवाय आणि त्याचा एकही धड फोटो नाही, त्याने काय करायचं? शिवाय फोटोवर तरी किती भिस्त ठेवायची? जुन्या फिल्मवर करडा कधी निळा येतो, कधी हिरवट. शाळेतली एक मुलगी मला विचारत होती, "पुरावा नसेल तर मी रंगवू नको का?" तिला मी सांगितलं, रंगव. आधी हाताला गोडी लागू दे.

करडा रंग

तिला योग्य सांगितलंत. फोटो नसेल तर त्याच जातीच्या विमानाचं यंत्र समजून घ्या, एवढाच माझा आग्रह. हायड्रॉलिक तेल गळतं कुठून, उडताना ते मागे कसं ओढलं जातं, उभं असताना खाली कसं ओघळतं. एफ-४ फँटमच्या शेपटीखालचा पत्रा उघडा असतो, कारण एक्झॉस्टच्या उष्णतेत तिथे रंग टिकणार नाही. तो तापून पिवळट, निळसर, तपकिरी होतो. हे कळलं की फोटोशिवायही हात सहसा चुकत नाही.

जुना ब्रश

वादात एक कामाची गोष्ट राहून जाईल म्हणून सांगतो. माझं एक फँटम असंच गेलं. इनॅमल रंगावर इनॅमलचा वॉश सोडला, मध्ये क्लिअर कोट (पारदर्शक थर) नाही. थिनर लावून पुसायला गेलो तर बोळ्याला खालचा रंग लागून आला, पंखावर पांढरं प्लास्टिक उघडं. तीन आठवड्यांची मेहनत होती, अजून आठवलं की वाईट वाटतं. रंग, मग ग्लॉस (चकचकीत) कोट, मग डिकल (चिकटवायची चिन्हं-आकडे), पुन्हा ग्लॉस, मग वॉश, शेवटी मॅट. डिकलच्या आधी ग्लॉस हवाच. खरखरीत मॅटवर डिकल बसवला की खाली हवा अडकते आणि कडेची फिल्म चांदीसारखी चमकते.

अर्धवट किट

काका, मग टोर्नाडोची काजळी कधी मारू? डिकलच्या आधी की नंतर?

जुना ब्रश

नंतर. खऱ्या विमानावरही काजळी शेपटीवरच्या आकड्यांवरून जाते, आकडे कोरे ठेवून बाजूने जात नाही. रंग भरपूर पातळ कर, एअरब्रशचा (रंगाच्या फवाऱ्याचा) दाब कमी ठेव, आणि काळ्यात थोडा तपकिरी मिसळ. एका फेरीत काही दिसलंच नाही तर समज बरोबर चाललंय. आठ-दहा फेऱ्यांनी अंधार चढू दे, कड कुठेही ठळक नको. प्रत्येक फेरीनंतर मॉडेल हातभर लांब धरून बघ.

काजळी

करडा रंग, पुढच्या प्रदर्शनात आपण दोघांची टॉमकॅट शेजारी ठेवू. माझं प्री-शेडिंग केलेलं, तुमचं ठिगळांचं. लोकांना हातभर अंतरावरून बघू दे. दिवा मी आणते.

करडा रंग

नक्की. दिवा एका बाजूने, तिरपा लावा. खोदलेली रेष वॉशशिवाय स्वतःची सावली पाडते का, तेही बघून होईल.