रेघ ओढायची तर घटक कोणता, गाव की जिल्हा?

गंगावेस
कोल्हापुरात बेळगावचा विषय निघाला की पाटसकर सूत्र आलंच: खेडं हा घटक, भाषिक बहुमत, भौगोलिक सलगता. महायुद्धानंतरच्या तहांत असा प्रयोग झालाय. व्हर्सायच्या तहानुसार जर्मनी-डेन्मार्क सीमेवरच्या श्लेस्विगमध्ये सार्वमत घेतलं. १० फेब्रुवारी १९२० ला उत्तर पट्ट्याची मतं एकगठ्ठा मोजली. सुमारे ७५ टक्के डेन्मार्ककडं, म्हणून अख्खा पट्टा डेन्मार्कला. टोंडर, आबेनरा, सोंडरबोर्ग या शहरांत जर्मन बहुमत होतं, ते त्या गठ्ठ्यात बुडालं. १४ मार्चला दक्षिण पट्ट्यात मोजणी मात्र गावनिहाय! माझ्या मते गाव हाच न्याय्य घटक.

कागल नाका
नाही पटलं. त्याच दक्षिण पट्ट्यात ८० टक्के मतं जर्मनीला पडली. फ्योर बेटावरच्या तीन खेड्यांनी डेन्मार्कला कौल दिला, तरी ती जर्मनीतच राहिली. सूत्रातली सलगता आपण सोयीनं विसरतो, राव.

आणि जर्मनी-पोलंडच्या वादातला अप्पर सायलेशिया बघा. २० मार्च १९२१ ला मतदान, मोजणी गावनिहाय, जर्मनीला जवळपास ६० टक्के. पण शहरं जर्मन आणि भोवतालची खेडी पोलिश. नकाशावर भडंग सांडल्यागत ठिपके! रेघ कुठून न्यायची? तहात लिहिलेलं, की कौलाबरोबर भूगोल आणि अर्थकारणही बघा. मग ज्याला जे हवं ते त्यानं त्यात वाचलं. ब्रिटिशांची रेघ एक, फ्रेंचांची दुसरी. मे महिन्यात पोलिश उठाव झाला आणि शेवटी प्रकरण राष्ट्रसंघाकडं गेलं. पोलंडला साधारण एक तृतीयांश भूभाग मिळाला, पण बहुतेक कोळसा खाणी त्यातच. कातोवित्से शहराचा कौल जर्मनीला, तेही पोलंडकडं.

गंगावेस
तिथला घोळ मतदार यादीचा. त्या भागात जन्मलेल्या पण बाहेर राहणाऱ्यांनाही मत होतं. असे जवळपास १ लाख ९० हजार लोक येऊन मत देऊन गेले, बहुतेक जर्मनीच्या बाजूनं. घटक कोणता हे ठरवण्याआधी यादीत कोण हे ठरवायला हवं.

शाहूपुरी
रेघेवर एवढा खल कशाला? ३० जानेवारी १९२३ च्या लोझानच्या करारात ग्रीस-तुर्कस्ताननं माणसंच हलवली.

कागल नाका
आणि निकष लावला धर्माचा! घरात तुर्की बोलणारे ख्रिश्चन ग्रीसला, ग्रीक बोलणारे क्रीटचे मुसलमान तुर्कस्तानला. सुमारे १२ लाख ग्रीसला गेले, ४ लाख तुर्कस्तानला. हा तोडगा सीमाभागात सुचवून दाखवा बरं.

शाहूपुरी
सुचवत नाही. पण मागं उरलेल्यांचं काय, हा प्रश्न तुम्ही दोघंही टाळताय. सायलेशियासाठी १९२२ मध्ये जिनिव्हात ६०६ कलमांचा करार झाला, मुदत १५ वर्षं. मुदत संपली, संरक्षण संपलं. उलट १९५५ मध्ये जर्मनी आणि डेन्मार्कनं दोन साध्या घोषणा केल्या. श्लेस्विगच्या डॅनिश पक्षाला प्रांतिक विधिमंडळासाठी ५ टक्के मतांची अट आजतागायत लागू नाही.

कागल नाका
सार्वमत १९२० चं, घोषणा १९५५ च्या. मधली ३५ वर्षं हिशेबातून गाळली की!

गंगावेस
गाळायला नकोतच. १९४० मध्ये जर्मन सैन्यानं अख्खा डेन्मार्क व्यापला, तरी श्लेस्विगची रेघ हलवली नाही. सायलेशियाची १९३९ मध्येच पुसून टाकली.