लिबर्टेरियनला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न
एका लेखमालेचं भाषांतर हाती घेतलंय. लेखक स्वतःला 'लिबर्टेरियन' (माणसाच्या आयुष्यात सरकारने कमीत कमी ढवळाढवळ करावी असं मानणारा) म्हणवतो आणि निवडणुकीपासून मुलाच्या गृहपाठापर्यंत सगळ्याला एकच मोजपट्टी लावतो. मनात 'उदारमतवादी' होता, पण एका लेखात तो उदारमतवाद्यांवरच तुटून पडलाय, म्हणजे तो शब्द बाद. शिवाय हा गृहस्थ दारूला शिवत नाही, देवधर्म करतो, मुलाला शिस्तीत वाढवतो आणि तरी दारूबंदीला कडाडून विरोध करतो. वाचकाला हा दुटप्पीपणा वाटू नये असा शब्द हवाय. 'मुक्ततावादी', 'स्वेच्छावादी', 'स्वातंत्र्यवादी' यांपैकी कुठला बरा?

प्रतिसाद
'उदारमतवादी' नकोच. मराठीत तो रानडे-गोखल्यांच्या परंपरेला चिकटलेला आहे. मूळ घोळ तिकडचाच आहे. विसाव्या शतकात अमेरिकेत 'लिबरल' म्हणजे सरकारने लोकांच्या भल्यासाठी जास्त हातपाय पसरावेत असं म्हणणारा, असा अर्थ रूढ झाला. जुन्या अर्थाचे, म्हणजे सरकारने कमीत कमी लुडबूड करावी म्हणणारे लिबरल बेघर झाले. १९५५ मध्ये डीन रसेल या अमेरिकन लेखकाने एका लेखात सुचवलं की आपण आता 'लिबर्टेरियन' हा शब्द घेऊ या.

शब्द मात्र आधीच दोन घरं फिरून आलेला होता. १७८९ मध्ये विल्यम बेलशम यांनी तो वापरला तेव्हा राजकारणाचा संबंध नव्हता. माणसाची इच्छा स्वतंत्र असते की सगळं आधीच ठरलेलं असतं, या तात्त्विक वादातली ती एक बाजू होती. पुढे १८५७ मध्ये जोसेफ देजाक या फ्रेंच अराज्यवाद्याने (राज्यसंस्थाच नको म्हणणाऱ्याने) प्रूधाँ या दुसऱ्या फ्रेंच अराज्यवादी विचारवंताला खरमरीत पत्र लिहिलं. प्रूधाँची बायकांविषयीची मतं त्याला पटत नव्हती. त्या पत्रात त्याने 'लिबर्तेर' हा शब्द स्वतःला लावला आणि १८५८ पासून न्यूयॉर्कमध्ये त्याच नावाचं पत्रही काढलं. गंमत म्हणजे देजाक खासगी मालमत्तेच्या विरोधात होता! आजचे बहुतेक लिबर्टेरियन मालमत्तेचा हक्क सोडून दुसरं काही बोलायला तयार नसतात.

या विचाराचे मोठे अर्थतज्ज्ञ मानले जाणाऱ्या खुद्द हायेकना हा शब्द आवडत नव्हता. १९६० च्या लेखनात त्यांनी तो ओढूनताणून बनवलेला आणि अनाकर्षक ठरवलाय. तेव्हा मराठी प्रतिशब्द थोडा बेढब निघाला तरी जिवाला लावून घेऊ नका.

प्रतिसाद
'स्वेच्छावादी' वाचलं की मला 'स्वेच्छानिवृत्ती' आठवते. आणि जरा पाय घसरला की 'स्वेच्छाचारी'. मराठीत या भागात सगळी निसरडी वाट आहे. 'स्वैर' म्हणजे मुळात आपल्या मर्जीने चालणारा, त्यात वाईट काही नाही. 'स्वैर अनुवाद' आपण अजून बिनदिक्कत म्हणतो. पण त्याला 'आचार' जोडला की शिवी होते. तसंच 'मोकळा' चांगला, 'मोकाट' वाईट. 'मुक्ततावादी' त्याच उतारावर उभा आहे. तुमचा निर्व्यसनी लेखक त्यात शोभणार नाही.

प्रतिसाद
शब्द कुठलाही घ्या, पण भाषांतरात एका जागी नक्की जपा. आपल्याकडे 'सरकारने मुभा दिली', 'सवलत मिळाली', 'मोकळीक दिली' असं सहज लिहिलं जातं. मुभा, सवलत, परवानगी या वरून खाली येणाऱ्या गोष्टी, कुणीतरी देतो आणि कुणीतरी हात पुढे करतो. तुमच्या लेखकाचं सगळं भांडण या वाक्यरचनेशीच असणार. त्याच्या लेखी माणूस मोकळाच असतो, अडवणाऱ्याने कारण द्यायचं. तेव्हा 'सरकारने व्यवसायाची मुभा दिली' ऐवजी 'सरकारने व्यवसायावरची बंदी उठवली' असं लिहा. अर्थ तोच, पण माणूस ताठ उभा राहतो.

त्याच्या विरोधकासाठी मात्र मराठीत तयार शब्द आहे, 'मायबाप सरकार'. इतका नेमका शब्द इंग्रजीतही सापडायचा नाही. अनुदान मायबाप देणार, हेल्मेट घाल म्हणून दटावणारही मायबापच, आणि कुठलं पुस्तक वाचायचं तेही तेच ठरवणार. यातलं एक हवं आणि दुसरं नको म्हणणाऱ्यांचे आपण डावे-उजवे असे दोन गट करतो. लिबर्टेरियन दोन्हीकडे नकार देतो, म्हणून तो कुठल्याच रकान्यात बसत नाही. मतपेटीतही त्याची तीच गत. अमेरिकेत त्यांचा पक्ष १९७१ पासून आहे आणि २०१६ ची अध्यक्षीय निवडणूक त्यांची आजवरची सर्वांत चांगली. तेव्हाही मतं मिळाली साधारण सव्वातीन टक्के.

प्रतिसाद
एक शंका. 'सरकार नको' म्हणणारा तो लिबर्टेरियन, असं धरलं तर १८९१ च्या संमतिवयाच्या (मुलीशी शरीरसंबंधासाठी कायद्याने किमान वय ठरवण्याच्या) वादात टिळक लिबर्टेरियन ठरतात की काय? परक्या सरकारने आमच्या घरात लुडबूड करू नये, असंच ते म्हणत होते. कायद्याच्या बाजूने होते आगरकर, आणि व्यक्तिस्वातंत्र्याचं नाव घेताना आपण आठवतो तेही आगरकरांनाच.

प्रतिसाद
फार चांगलं उदाहरण काढलंत. इथेच कळतं की कळीचा शब्द 'सरकार' नाही, 'सक्ती' आहे. लिबर्टेरियनांचं मूळ तत्त्व मराठीत सांगायचं तर 'आधी हात उचलायचा नाही' एवढंच आहे. आता १८९१ कडे पाहा. कायदा संमतीचं वय १० वरून १२ वर नेत होता आणि तो लग्न झालेल्या मुलींनाही लागू होता. त्या घरात हात आधी कोणी उचलला होता? दहा वर्षांच्या मुलीची संमती म्हणजे काय? तिच्या बाजूने पाहिलं तर सक्ती घरातूनच होत होती आणि कायदा ती अडवत होता. आगरकर त्या मुलीच्या जागी उभे राहिले. 'आमच्या घरात' म्हणताना आमचं घर कुणाचं, हा प्रश्न टिळकांच्या बाजूने विचारलाच गेला नाही. म्हणून 'सरकारविरोधी' किंवा 'अराज्यवादी' हे प्रतिशब्द चुकीचे. बहुतेक लिबर्टेरियनांना राज्य हवं असतं, पण चोर पकडण्यापुरतं आणि करार पाळायला लावण्यापुरतं. अशा राज्याला जर्मन समाजवादी लासाल यांनी १८६२ मध्ये 'रात्रीचा पहारेकरी' म्हणून हिणवलं होतं. पुढे अमेरिकन तत्त्वज्ञ नोझिकनी १९७४ मध्ये तीच कल्पना गंभीरपणे उचलून धरली. ('चौकीदार' लिहू नका. २०१९ नंतर तो शब्द सरळ अर्थाने वापरायची सोय राहिली नाही.)

तुमच्या लेखकाच्या दारूचं कोडंही यातच सुटतं. लिबर्टेरियन असणं म्हणजे कसं जगावं याबद्दलचं मत नाही. दुसऱ्याला काठी दाखवून तसं जगायला लावावं का, एवढ्यापुरतंच ते मत आहे. बाकी तो कर्मठ असो की नास्तिक. भावाला 'दारू सोड' म्हणून तो रोज सांगेल, बोलणं टाकेल, पैसे देणार नाही. पोलिसांना मात्र बोलावणार नाही. मुलांच्या बाबतीत गाडी अडते हे खरं. गृहपाठ ही सक्तीच आहे, आणि पालकांना ती कुठवर चालते यावर त्यांच्यात एकमत नाही. गर्भपातावरही नाही. २०२३ मध्ये अर्जेंटिनाचे अध्यक्ष झालेले मिलेई स्वतःला लिबर्टेरियन म्हणवतात आणि गर्भपाताला विरोध करतात. त्याच नावाचे दुसरे लोक तो बाईचा हक्क मानतात.

प्रतिसाद
सरकारपुरतं ठीक. पण मालकाने 'इतक्या पगारात करायचं तर कर, नाहीतर चालू पड' म्हटलं आणि घरात पीठ नसेल, तर ती संमती का? याचं उत्तर तुमच्या मंडळींकडे कधीच धड मिळत नाही.

प्रतिसाद
ते म्हणतील, अडचण म्हणजे सक्ती नव्हे. मला स्वतःला ते पुरेसं वाटत नाही. पण भाषांतरात 'अडवणूक' आणि 'सक्ती' हे दोन शब्द वेगळे ठेवा, म्हणजे लेखक कुठे निसटतो ते वाचकाला आपसूक दिसेल.

अवांतर : आपल्याकडे हा विचार 'लिबर्टेरियन' नाव न घेताच आला. राजाजींचा १९५९ चा स्वतंत्र पक्ष परमिट-लायसन्स राजवर, म्हणजे धंद्याला पावलोपावली सरकारी परवाना लागण्यावर तुटून पडायचा. शेतकरी नेते शरद जोशींनी तेच शेतमालाच्या भाषेत सांगितलं, 'भीक नको, हवे घामाचे दाम'. १९९४ मध्ये त्यांनी पक्ष काढला तोही 'स्वतंत्र भारत' नावाने. म्हणजे 'स्वतंत्र' हा शब्द या अर्थाने रुळलेला आहे.

प्रश्नकर्ता
मग 'स्वातंत्र्यवादी'च घेतो. एकच अडचण, बातम्यांत स्कॉटलंड किंवा कॅटलोनिया वेगळं मागणाऱ्यांनाही 'स्वातंत्र्यवादी' म्हणतात.

प्रतिसाद
प्रत्येक लेखात पहिल्यांदा 'व्यक्तिस्वातंत्र्यवादी' लिहा, पुढे नुसतं 'स्वातंत्र्यवादी' चालेल. देजाकचा उल्लेख आला तर मात्र 'लिबर्तेर' तसाच ठेवा. मालमत्तेच्या विरोधात लढलेल्या माणसाला या रांगेत बसवलंत तर तो थडग्यातून पत्र लिहील.