आईबाबांना अमेरिकेला पॉइंट्सवर पाठवायचं का? घरात दोन तट पडलेत

बाणेरकर (धागाकर्ता):
बहीण न्यू जर्सीत असते, तिला मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातली तारीख दिलीय. आईबाबा बाळंतपणाला जाणार. आई ६८, बाबा ७३. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. गेल्या खेपेला इकॉनॉमीत मधल्या सीटवर बसून गेली आणि पोचल्यावर दोन दिवस पाय सुजलेले होते.

माझ्या क्रेडिट कार्डावर २ लाख १० हजार पॉइंट्स साठलेत. ऑफिसचा प्रवासखर्च आधी माझ्या कार्डावर जातो, मागून कंपनी देते. बहुतेक पॉइंट्स त्यातलेच. ते एअरलाइनच्या माइल्समध्ये (म्हणजे तिच्या स्वतःच्या पॉइंट्समध्ये) वळवले तर दोघांना एका वाटेचं बिझनेस क्लास जेमतेम निघेल. निदान जाताना तरी पाठ टेकून झोपतील. बायको म्हणते, बँकेच्या पोर्टलवर एका पॉइंटला एक रुपया मिळतो, त्यात दोघांच्या साध्या तिकिटांचा जाण्यायेण्याचा बराचसा खर्च भागेल. बाबा म्हणतात, "फुकटचं कधी फुकट नसतं," आणि पेपर उघडतात. आईला अजून कोणी विचारलेलं नाही.

माझं मत स्पष्ट आहे. पॉइंट्स जपायचे ते याच दिवसासाठी. बिझनेसचं तिकीट रोख पैसे मोजून काढायला मी जन्मात धजणार नाही.

डेबिटवाला:
तुमच्या बाबांचं बरोबर आहे. दर १५० रुपयांना ५ पॉइंट्स देणारं सढळ कार्ड धरलं तरी २,१०,००० पॉइंट्सना ६३ लाखांचा खर्च लागतो. तुमचा कंपनीने भरला, आनंद आहे. पण हा धागा वाचून उद्या जो कार्ड काढेल, त्याचं एखाद्या महिन्याचं बिल पूर्ण भरायचं राहिलं की दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. सगळे पॉइंट्स त्यातच धुऊन जातात.

आणि ही खैरात कशासाठी चालते? १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने एएडव्हान्टेज ही आपली माइल्सची योजना काढली ती गिऱ्हाईक बांधून ठेवायला. २०२० मध्ये विमानं जमिनीवर उभी होती तेव्हा युनायटेड एअरलाइन्सने आपली माइल्सची योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. ज्या वस्तूवर एवढं कर्ज मिळतं ती तुम्हाला कोणी फुकट वाटेल का? मग लक्ष्मी रोडवरचे 'शेवटचे दोन दिवस' पण खरेच माना.

माइल्समाऊली:
६३ लाखांचा हिशेब घाबरवायला ठीक आहे. बँकेच्या पोर्टलवरून हॉटेल, तिकिटं, व्हाउचर घेतले की काही कार्डांवर कित्येक पट पॉइंट्स मिळतात, फक्त त्याला महिन्याची मर्यादा असते. बिल वेळेवर न भरणाऱ्याने कार्डच घेऊ नये, यावर वाद नाही.

बाणेरकर, पोर्टलवर रुपयाला जाणारा पॉइंट बिझनेसच्या सीटवर सहज दोन रुपयांच्या वर जातो. पण आधी सीट शोधा, पॉइंट्स नंतर वळवा. एकदा माइल्स झाले की ते बँकेत परत येत नाहीत, आणि जमा व्हायला कधी तास लागतात, कधी दिवस. तेवढ्यात सीट गेली तर माइल्स घेऊन बसाल. सिंगापूर एअरलाइन्सचे माइल्स ३६ महिन्यांनी बाद होतात, तेव्हा 'पडून राहू दे' हेही चालत नाही. शिवाय काही एअरलाइन्स 'फुकट' तिकिटावर इंधन अधिभार म्हणून हजारो रुपये लावतात. एअर कॅनडाची माइल्सची योजना, एरोप्लॅन, तो लावत नाही, आणि ५,००० पॉइंट्स जास्त देऊन वाटेत एखाद्या शहरात मुक्कामही करू देते. दोन दिवस फ्रँकफर्टला थांबले तर आईंचे पाय सुजायचेच नाहीत.

हिशेबनीस:
'पॉइंटला दोन रुपये' ही या छंदातली सगळ्यात लाडकी फसवणूक. तिकिटाच्या कोणत्या किमतीला पॉइंट्सनी भागता? जे तिकीट तुम्ही एरवी घेतलंच नसतं त्याच्या किमतीला. धागाकर्त्यानेच लिहिलंय की रोखीने 'जन्मात धजणार नाही'. मग त्या सीटची त्याच्या लेखी किंमत एअरलाइनने छापलेली नाही. इकॉनॉमीच्या वर तो खिशातून जेवढे आनंदाने देईल तेवढीच. पन्नास हजार? ऐंशी? तो आकडा घेऊन हिशेब करा, वहिनींचं म्हणणं पटेल.

बाणेरकर:
आईच्या गुडघ्यांचा आकडा कुठल्या रकान्यात लिहू?

फिजिओ_कोथरूड:
गुडघ्यांवरून निघालंच आहे तर. चार तासांहून लांबच्या प्रवासात पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या संशोधनात दिसलं. तरी तो सुमारे सहा हजारांत एक एवढाच. मुख्य कारण, न हलता बसून राहणं. म्हणजे बिझनेसमध्ये आठ तास गाढ झोपणाराही सुटला असं नाही. कडेची सीट, तासा-दीड तासाने एक फेरी, डॉक्टरांना विचारून घट्ट मोजे. व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, ती कुठल्याही क्लासला मिळते. आणि रागावू नका, पण ऑपरेशन झालेल्या बाईला मधल्या सीटवर बसवलं ही चूक इकॉनॉमीची नाही, तिकीट काढणाऱ्याची आहे.

लोहगावकर:
पुण्याचं कोणी बोलतच नाहीये. आपली धावपट्टी हवाई दलाची. परदेशी विमानं म्हणजे दुबई, बँकॉक अशी मोजकीच काय ती. एके काळी लुफ्तान्साचं नुसत्या बिझनेस क्लासचं विमान इथून फ्रँकफर्टला जायचं, ते दिवस गेले. म्हणजे मुंबईच. घाटात ट्रक आडवा झाला की तुमचा बिझनेस क्लास खंडाळ्यात सुरू. पुणे-दिल्ली वेगळं तिकीट काढून पुढे माइल्सवर जायचा विचार असेल तर करू नका. तिकिटं दोन असतील आणि पहिलं विमान उशिरा पोचलं तर पुढची एअरलाइन हात वर करते. आणि २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय, तेव्हा तिकिटावर कुठला लिहिलाय ते ड्रायव्हरच्या आधी तुम्ही वाचा.

दोनदा_आजी:
मी दोन बाळंतपणं करून आले, एकदा मागे बसून, एकदा पुढे. माइल्सच्या सीट एअरलाइन्स साधारण अकरा महिने आधी खुल्या करतात, आणि पोरी आपल्याला सांगतात तिसरा महिना सरल्यावर. तोवर चांगल्या सीट गेलेल्या असतात. त्यातून बाळ तारखेला येईलच असं नाही. माझा थोरला नातू सोळा दिवस आधी आला. माझं तिकीट माइल्सचं. तारीख बदलायला गेलो तर त्या वर्गात सीटच नाही. शेवटी जावयाने ऐन वेळी रोखीने साधं तिकीट काढलं, मला आजवर आकडा सांगितलेला नाही.

दुसऱ्या वेळी पुढे बसले. पाय पसरून झोपले, खोटं कशाला बोलू. उतरल्यावर मात्र दोन्ही वेळा सरळ स्वयंपाकघरातच गेले.

डेबिटवाला:
वर बँकांचा भरवसा धरून बोलणाऱ्यांसाठी: नियम एका ईमेलवर बदलतात. माझ्या एका कार्डाचे माइल्स वळवण्याचे दर असेच एका रात्रीत उतरले.

माइल्समाऊली:
म्हणूनच तर साठवू नयेत. ती एफडी नव्हे.

बाणेरकर:
काल रात्री दोनपर्यंत शोधलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात एकाच विमानात बिझनेसची एक सीट माइल्सवर मिळते, दुसरी नाही. म्हटलं आई पुढे, बाबा मागे. शेवटी आईला विचारलं. ती म्हणाली, "मी पुढे झोपणार आणि हे मागे गुडघे पोटाशी घेऊन बसणार? यांच्या बीपीच्या गोळ्या कोणाच्या पर्समध्ये असतात माहितीये ना तुला?" बाबांनी पेपर खाली ठेवला नाही, पण पान उलटायचं थांबले.

तेव्हा जाताना दोघांना इकॉनॉमी, रोखीने, एकाच रांगेत मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना. परतीची तारीख आपल्या हातात आहे, ऑगस्टमध्ये चार दिवस इकडे-तिकडे चालतील. पॉइंट्स त्यासाठी ठेवतोय, दोन सीट मिळाल्या तरच वळवीन. बायको म्हणाली, "बरं." या 'बरं'चा अर्थ इथे विचारत नाही.

हिशेबनीस:
परतीला सैल तारीख, हे पटलं. पॉइंट्स तिथेच चालतात.

दोनदा_आजी:
अहो, परतीला कशाला? तान्ह्या नातवंडाला सोडून निघाल्यावर कुठल्याच क्लासमध्ये झोप लागत नाही.

डेबिटवाला:
बघा! म्हणजे दोन्ही वेळा इकॉनॉमीच.