बावन्नाव्या वर्षी घुमट वाद्य हाती बसेल का?

प्रश्न (फोंडा, गोवा): चवथीच्या आरतीत आजवर फक्त टाळ वाजवले. यंदा ५२ व्या वर्षी घुमट घेतलं, म्हणजे मातीच्या मडक्याच्या एका तोंडाला कातडं लावलेलं आपलं गोव्याचं वाद्य. उजव्या हाताची थाप जमते, पण डाव्या तळव्याने मागचं तोंड झाकता-उघडताना लय सुटते. फार जीव लागलाय हो. सराव कसा करू?

उत्तर (माशेल): दादा, थाप साधी ठेवून आठवडाभर डाव्या हाताकडेच लक्ष द्या. तोंड झाकलं की नाद कसा बदलतो ते ऐका. शामेळ या जोडीच्या तालवाद्याची साथ नंतर.

उत्तर (डिचोली): मी ४८ व्या वर्षी शिकले. पावसात चामडं सैल पडतं, आधी ऊब द्या. कातडं बकऱ्याचंच घ्या, घोरपडीचं नको, कायद्याने बंदी आहे.

प्रश्नकर्ता: ऊब दिली. काल अख्खी आरती लय न सुटता वाजली! आई देवघरातून उठून बाहेर आली.